हंगामी जवान

मु. सारंगखेडा, ता. शहादा
१९ जानेवारी १९६४

चुनीलाल दाजींस,

नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. मनात नाही, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

रजा संपवून तुम्ही पलटणीत परत गेलात. आता निवांत वाचाल. यात्रेत, घोड्यांच्या बाजारात, तुम्ही मला चारचौघांत "सावधान" म्हणून उभं केलंत. बहिणीचा नवरा थट्टा करतोय म्हणून मी उभा राहिलो. मग तुम्ही माझ्याभोवती फिरलात, घोड्याचे दात बघावेत तसं माझं तोंड उघडायला लावलंत आणि व्यापाऱ्यांना म्हणालात, "हाऊ दोन महिना शिपाई, दहा महिना केळीवाला. हंगामी जवान शे. याले कोनी लेस का?"

व्यापारी हसले ते हसले. माझा बाप, दगा पाटील, ज्यानं तुम्हाला पोरगी दिली, तोही हसला.

दाजी, टेरिटोरियल म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण तुम्ही मुद्दाम विसरता म्हणून सांगतो. वर्षातून दोन महिने शिबिर करायचं, बाकीचे दिवस आपापला धंदा करायचा, आणि सरकारनं हाक मारली की पक्क्या फौजेच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. चीनच्या लढाईनंतर शहाद्याला सभा झाली तेव्हा मी हात वर केला. माझ्या शेजारी रेंग्यानं केला. रेंग्या तुम्हाला आठवत असेल. नवापूरच्या डोंगरातला, आमच्या उसाच्या तोडीला येणारा. तुमच्या लग्नात पाण्याचे हंडे त्यानंच वाहिले. त्या सभेत खुर्च्यांवर बसलेल्या किती जणांनी हात खिशात ठेवले ते मी मोजलं नाही.

आणि एक गोष्ट. पक्क्या भरतीतून मला परत पाठवलं ते छाती कमी भरली म्हणून, असं तुम्ही तुमच्या गावात, कळसाडीत, सांगत फिरता. त्या दिवशी मला ताप होता. छातीचा संबंध नाही.

ताई तुमच्या घरी बरी आहे. तुमचा बाजारातला प्रकार मी तिला सांगितलेला नाही. माझ्या बायकोनं, जसोदाबाईनं सांगितला.

भटू


नंदुरबार स्टेशन
७ सप्टेंबर १९६५

दाजी,

कार्ड आहे, थोडक्यात लिहितो. सरकारनं आम्हाला बोलावलं. रेंग्या आणि मी एकाच डब्यात आहोत. तो खिडकीतून दिसेल त्याला सांगतोय की आम्ही पाकिस्तानच्या लढाईला निघालो.

बाप स्टेशनवर आला होता. म्हणाला, चुनीलालला कळव, तो सांभाळून घेईल. म्हणून कळवतो. सांभाळून घेऊ नका. देवाकडे एवढंच मागणं आहे की आम्हाला कुठंही टाक, तुमच्या पलटणीत नको.

भटू


फौजी टपाल
३० ऑक्टोबर १९६५

हवालदार मेजर साहेब,

दाजी लिहायला हात उठला नाही.

तुमचं पत्र मिळालं. त्यात लिहिलंय, "फौजेत असं होतं. मनाला लावून घेऊ नकोस. विसर." तुम्ही विसरा म्हणता, म्हणून मी सगळं पहिल्यापासून लिहून काढतो. तुमच्या पेटीत राहू द्या.

देवानं माझं ऐकलं नाही. आम्ही ट्रकमधून उतरलो तर समोर काठी बगलेत धरून तुम्हीच उभे. रेंग्याला रांगेत गप्प राहणं कधी जमलंच नाही. तो मोठ्यानं म्हणाला, "भटूभो, हाऊ ते आपला पाहुना शे! चुनीलालभो!" अख्खी रांग हसली. तुमच्या पक्क्या कंपनीचे लोकही हसले. त्यांच्यापुढं तुमचे कान लाल झालेले मी पाहिले.

"यहाँ कोई किसी का पाहुना नहीं," तुम्ही म्हणालात. रायफल डोक्यावर धरायला लावून तुम्ही त्याला उन्हात मैदानाभोवती पळवलंत. तो घामाघूम होऊन परत आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि धापा टाकत म्हणाला, "पाहुना लाजी गया." त्याला तुमचा राग आला नव्हता. तो राग मी दोघांच्या वाट्याचा धरला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मेजर साहेबांनी सगळ्यांना एकत्र बसवलं. ते काय म्हणाले ते मी शब्दाला शब्द सांगू शकतो. "आजपासून ही एकच कंपनी. टेरिटोरियल, रेग्युलर हे शब्द मला पुन्हा ऐकू येता कामा नयेत. प्रत्येक सेक्शनमध्ये दोन्हीकडची माणसं मिसळा. एकत्र खणा, एकत्र जेवा." तुम्ही टाच जुळवून "जी साब" म्हणालात. साहेबांची जीप वळली, आणि तुम्ही तुमची माणसं पुलाच्या अलीकडं पक्क्या खंदकात ठेवलीत, आम्हाला कालव्यापलीकडं उसाच्या शेतात पाठवलंत. वर हसून म्हणालात, "ऊसवाला ऊसमा."

तुमच्या खंदकात टेलिफोनची तार होती, आमच्याकडं नव्हती. तुमच्या हातात नव्या रायफली, आमच्या हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री. चूल वेगळी. प्यायचं पाणी मात्र पुलाच्या तुमच्या बाजूला. म्हणजे प्रत्येक घोटासाठी आम्ही तुमच्या पहाऱ्यावरून जायचं आणि परवलीचा शब्द सांगायचा. मी तुमच्याकडं येऊन म्हणालो होतो की मेजर साहेबांचा हुकूम असा नव्हता. तुम्ही म्हणालात, "तू माले हुकूम शिकाडशी का?" त्या आठ-दहा दिवसांत आपल्या दोघांचं गावच्या बोलीतलं तेवढंच एक वाक्य.

मग पाकिस्तानचे छत्रीवाले शिपाई विमानातून उतरल्याची बातमी आली. सकाळचा शब्द होता गुलाब. दुपारी मेजर साहेबांनी शब्द बदलायला सांगितला, आणि नवा शब्द निवडायचं काम तुमच्यावर टाकलं, शत्रूला सुचणार नाही असा. तुम्ही तापी ठेवलात. तुमच्या सगळ्या खंदकांत तो पोचला. स्वयंपाक्यालासुद्धा सांगितला गेला. कालव्यापलीकडं कुणी आलं नाही. टेरिटोरियलच्या तोंडात शब्द राहत नाही, आधी सांगितला तर गावभर करतील, असं तुम्ही तुमच्या कारकुनाला म्हणालात. हे त्यानंच मला नंतर सांगितलं. संध्याकाळच्या शिध्याबरोबर पाठवू, असं तुमच्या मनात असेल. शिधा आलाच नाही. त्या गोंधळात आमचा शिधा कुणाच्या लक्षात राहणार!

दिवस मावळत होता. उसात धूळ भरून राहिली होती. रेंग्या पाण्याचे दोन डबे घेऊन निघाला. मी त्याच्या थोडा मागं होतो. पुलावर तुमचा तो साताऱ्याकडचा कोवळा शिपाई. त्यानं आवाज दिला, "थम! कौन आता है?" रेंग्या थांबला. डब्यांसकट हात वर केले. "दोस्त! गुलाब!" पोरानं पुन्हा विचारलं. त्याचा आवाज थरथरत होता, ते मला इतक्या लांबूनही कळलं. रेंग्याला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. तो दोन पावलं पुढं गेला आणि हसत ओरडला, "गुलाब! गुलाब शे रे भो!"

मी "थांब" म्हणून ओरडलो तोवर गोळी सुटली होती.

ट्रकमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पोटात लागली होती. त्यानं मला विचारलं, "भटूभो, मी बरोबर बोलनू ना?" मी हो म्हणालो. त्यानंतर तो काही बोलला नाही.

मी परत येऊन तुमची कॉलर धरली. त्यापायी माझी लान्स नाईकची फीत गेली आणि मला कोठडीत टाकलं. त्याची तक्रार नाही. पण चौकशीला अधिकारी आले तेव्हा तुम्ही काय बोललात? "शब्द रनर के हाथ भेजा था साब. जवान भूल गया." आम्ही सगळे सांगत होतो की कुणी आलं नाही. साहेबांनी आमच्याकडं पाहिलं, तुमच्या छातीवरच्या पदकांकडं पाहिलं, आणि हंगामी माणसं एकमेकांना झाकतात असं ठरवून मोकळे झाले.

ते साहेब लांबचे. त्यांना तापी हा एक शब्द. पण तुम्ही कळसाडीचे. तुम्ही मला सांगा, जो माणूस दर साली नावेनं तापी ओलांडून उसाच्या तोडीला येतो, तो तापी विसरेल? ज्या पोरीच्या लग्नात त्यानं हंडे वाहिले, तिचं नाव विसरेल? तुम्ही दुसरा कुठलाही शब्द ठेवला असता तर कदाचित मीसुद्धा तुमच्यावर विश्वास ठेवला असता.

आमची तुकडी आता दुसरीकडं हलवली आहे. बरं झालं.

भटू दगा पाटील, शिपाई


मु. सारंगखेडा
२५ फेब्रुवारी १९६६

हवालदार मेजर साहेब,

आम्हाला घरी सोडलं. तुमचं पाकीट माझ्याआधीच येऊन पडलं होतं.

तुम्ही लिहिता की बासष्टला बर्फात तुमच्या डावीकडच्या चौकीवर घाईघाईनं भरलेले, पुरते न शिकलेले लोक ठेवले होते. चिनी आले तेव्हा ती चौकी रिकामी झाली आणि तुमचे सोबती मागून कापले गेले. तेव्हापासून अर्धवट शिपायावर तुमचा भरवसा नाही. तुमच्या सोबत्यांचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण ते पळाले ते आम्ही नव्हतो. मी तेव्हा केळीला पाणी भरत होतो, आणि रेंग्या आमच्याच बांधावर होता. बर्फातल्या माणसांचा राग तुम्ही उसातल्या माणसावर काढलात.

पुढं लिहिता की नायब सुभेदारीसाठी तुमचं नाव वर गेलं आहे, आता हे उकरू नकोस, यात तुझ्या बहिणीचंही भलं आहे. बहिणीला मध्ये आणू नका. आणायचीच असेल तर मीही आणीन.

मी नवापूरला जाऊन आलो. स्टेशनपासून पुढं डोंगरात पायी. रेंग्याची बायको रमीबाई अंगणात भात कांडत होती. तिनं मला पाणी दिलं, खाट टाकली, आणि मी बोलायच्या आधीच विचारलं, "भो, इतलासा एक शब्द त्याना ध्यानमा ऱ्हायना नही?"

सरकारी माणूस येऊन तिला सांगून गेला आहे की तुझा नवरा परवलीचा शब्द विसरला म्हणून आपल्याच माणसाच्या हातून मेला. तो सांगताना गावातले लोक भोवती होते. आता पाणवठ्यावर बायका तिला काही बोलत नाहीत, पण पुरुष दारू पिऊन बसले की एकमेकांना विचारतात, "शब्द सांग रे, नाही तर गोळी घालीन," आणि हसतात. तिचे पोरगे ते ऐकतात. रेंग्या सगळ्या गावाला सांगून गेला होता की तो लढाईला चाललाय.

मी तिला खरं काय ते सांगितलं. ती कांडायची थांबली नाही. म्हणाली, "तू त्याना दोस्त. तू असंच सांगशी."

यावर मी काय बोलणार? मी शंभर वेळा सांगितलं तरी ते दोस्ताचं बोलणं. तुम्ही एकदा सांगितलंत तर ते खरं. म्हणून आता स्पष्ट लिहितो. रजा काढा, नवापूरला या आणि तिच्या अंगणात, गावासमोर, तुमच्या तोंडानं सांगा. मला तुमची माफी नको. मला तुमचं तोंडही बघायचं नाही, पण तेवढ्यासाठी बघीन.

भटू


मु. सारंगखेडा
२ मे १९६६

साहेब,

दोन पत्रं टाकली, तुमचं उत्तर नाही. आता वेगळ्या कारणानं लिहितो.

आखाजीला ताई माहेरी आली. मी तिला काही सांगणार नव्हतो. तिनंच झोक्यावर बसल्या बसल्या विचारलं की रेंग्या कसा गेला, तुझे दाजी धड सांगत नाहीत. मी म्हणालो, शब्द पोचला नाही म्हणून गेला.

"कोनता शब्द?"

मी झोक्याची दोरी घट्ट करायला घेतली.

"भटू, कोनता शब्द व्हता?"

"तापी."

तिनं पायानं झोका थांबवला. "मन्हं नाव?"

"हा, ताई. तुन्हंच नाव."

"मन्हं नाव त्यासनी ठेवं, आन रेंग्याले सांगं नही?"

मग मला सगळं सांगावं लागलं. ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. उठून घरात गेली, आणि आखाजीच्या सणात तिनं गोडाला हात लावला नाही. आईनं, बापानं, जसोदाबाईनं समजावून पाहिलं. ती एवढंच म्हणते की कुणी नावानं हाक मारली की अंगावर काटा येतो.

तुमच्या घरून तिला न्यायला गाडी आली होती. ती रिकामी परत गेली, त्याचा बोभाटा तुमच्या आईनं केला आहे की भटूनं बहीण कोंडून ठेवली. हे खोटं आहे. मी गाडीवानाला एवढंच म्हणालो की ऊन फार आहे, बैलांना त्रास होईल. तिची पेटी माळ्यावर होती ती तिथंच राहिली, कारण शिडी मोडली आहे. बाकी मी कशात नाही.

ताईनं तर मलाच झापलं. म्हणाली, "तू माले अडकाडू नको आन धाडू बी नको. कोठे जावानं ते मी ठरावसू." मग म्हणाली, कागद घे. ती सांगते ते जसंच्या तसं लिहितो:

"त्यासले लिही. आधी नवापूर, मंग कळसाडी. मी नवापूरलेच भेटसू. तुम्ही नही उनात, ते मी आठेच बरी शे."

खाली तिनं अंगठा उठवला आहे. शाई माझ्या दौतीतली आहे, अंगठा तिचा आहे. तुम्हाला शंका येईल म्हणून लिहिलं.

भटू


मु. सारंगखेडा
९ जून १९६६

दाजी,

तुम्ही पलटणीत पोचला असाल. तुमच्या मागं कळसाडीत काय बोललं जातंय ते कानावर आलं. चुनीलाल एवढा मोठ्या मनाचा की टेरिटोरियलच्या साध्या शिपायाच्या बायकोचं सांत्वन करायला डोंगरात पायी गेला, असं तुमचा भाऊ रेवजी चावडीवर सांगतो. हे त्याला तुम्हीच सांगितलं असणार. तेव्हा त्या दिवशी काय झालं ते मी लिहितो. मी आणि ताई तिथं होतो, हे तुम्ही रेवजीला सांगायचं राहून गेलेलं दिसतं.

तुम्ही कडक वर्दीत आलात, सगळी पदकं लावून. मी मनात म्हटलं, हा माणूस इथंही पदकांच्या आडून बोलणार. अंगणात गाव जमला. ताई रमीबाईच्या शेजारी ओट्यावर बसली होती. तुम्ही तिच्याकडं पाहिलंत, तिनं पाहिलं नाही.

तुम्ही सुरुवात केलीत, "देखो बहन, फौज में कभी कभी..."

ताई म्हणाली, "हिंदी ऱ्हावू द्या. घरनी बोली बोला."

तुम्ही थांबलात. टोपी काढलीत. मग टोपीच्या आत काही लिहिलेलं असावं तसं टोपीत पाहिलंत. मी तुमच्या तोंडाकडं बघत होतो. खरं सांगतो, मला वाटलं तुम्ही पाठ फिरवून निघून जाल, आणि मला ते हवंही होतं. म्हणजे जन्मभर तुमचा राग करायला मी मोकळा झालो असतो.

"मी शब्द धाडा नही," तुम्ही म्हणालात.

गर्दीत मागं कुणाला ऐकू गेलं नाही. एका म्हाताऱ्यानं "काय?" म्हणून विचारलं. तुम्हाला पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. "रेंग्या शब्द भुलना नही. त्याले शब्द कोनी सांगाच नही. मी धाडा नही. चौकशीमा मी खोटं बोलनू."

 दारू पिऊन हसणारे त्या दिवशी सगळे हजर होते, त्यांच्या माना खाली गेल्या. रमीबाईनं धाकट्याला जवळ ओढलं. मला वाटलं आता ती शिव्या देईल, निदान थुंकेल. मी तेवढ्यासाठीच आलो होतो. तिनं विचारलं, "गोळी कोनी मारी?"

"एक पोऱ्या व्हता. नवा."

"त्याले माहीत शे का?"

"काय?"

"का मन्हा मानूस भुलना नव्हता."

तुम्ही टोपी या हातातून त्या हातात घेतलीत.  त्या पोराचा मी इतक्या महिन्यांत एकदाही विचार केला नव्हता. केला तो फक्त शिवी देण्यापुरता. तो तर हेच धरून बसला असणार की समोरच्यानं चुकीचा शब्द सांगितला आणि आपण आपलं काम केलं. किंवा त्याला ते धरूनही बसता येत नसेल.

"मंग माले कसाले सांगी ऱ्हायना?" रमीबाई म्हणाली. "माले ते भटूभोनी कवयच सांगं व्हतं. जाय. त्याले सांग. तुन्हा साहेबले सांग."

आणि ती उठून आत गेली. तिनं तुम्हाला पाणी विचारलं नाही. डोंगरातल्या घरी आलेल्याला पाणी न मिळणं म्हणजे काय, ते रेवजीला समजावून सांगा.

परत स्टेशनकडं येताना ताई तुमच्या मागून चालत होती आणि मी तिच्या मागून.  गाडी आली तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "चाल." ती म्हणाली, "तुमनं काम आजून बाकी शे," आणि माझ्याबरोबर डब्यात चढली.

तर हे असं झालं. रेवजी पुन्हा चावडीवर काही बोलला तर मी हे पत्र तिथंच उभा राहून वाचून दाखवीन. नक्कल ठेवली आहे.

भटू


मु. सारंगखेडा
१८ नोव्हेंबर १९६६

दाजी,

तुमचं पत्र आलं. ताईला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

तुम्ही मेजर साहेबांसमोर उभे राहून सगळं बोललात, हे मला तुमच्या पत्राआधीच कळलं होतं. तुमच्या त्या कारकुनानं कळवलं. मी त्यावर विश्वास ठेवला नव्हता. नायब सुभेदारी गेली, हवालदार मेजरचं पदही गेलं, एवढ्या वर्षांच्या नोकरीवर लाल शेरा पडला. मला आनंद व्हायला हवा होता. वर्षभर मी याचीच वाट बघत होतो. त्या दिवशी मी केळीच्या बागेत जाऊन उगाच काम करत बसलो, एवढं लिहितो. जास्त विचारू नका.

त्या साताऱ्याच्या पोरालाही तुम्ही बोलावून सांगितलंत, आणि तो बोलला नाही, फक्त रायफल साफ करत राहिला, असं लिहिलंय. तो बोलेल तेव्हा बोलेल. त्याला नवापूरचा पत्ता द्या. रमीबाईनं मागं एकदा विचारलं होतं की तो पोऱ्या जेवतो का नीट.

चौकशीचा निकाल बदलला, त्याचा कागद घेऊन मेजर साहेब स्वतः डोंगरात आले होते. पहिल्या खेपेला सरकारी माणसानं गावासमोर सांगितलं होतं तसंच याही वेळी गाव जमवायचा हट्ट मी धरला, आणि साहेबांनी तो मानला.

ताई कळसाडीला गेली. मी अडवलं नाही, पाठवलंही नाही. शिडी तिनं स्वतः दुरुस्त करून घेतली, पेटी उतरवली आणि मला म्हणाली, "मी त्यासनी बायको शे, तुन्हा मोर्चा नही."  ती तुमच्या घरी आहे म्हणून मी तुमच्या घरी येईन असं समजू नका. दर भाऊबीजेला ती इथं येईल. मी तिथं येणार नाही.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. तुम्हाला टेरिटोरियलच्या शिबिरावर शिकवायला पाठवलंय. आमच्या शिबिरावर. तुम्ही लिहिलंय की ही शिक्षा आहे की काय ते तुम्हाला कळत नाही. मला कळतं, पण सांगणार नाही.

डिसेंबरात मी येतोय. हंगाम झाला की निघतो. मैदानावर तुम्ही उस्ताद आणि मी शिपाई. तुम्ही सावधान म्हणाल तर सावधान होईन, पळ म्हणाल तर रायफल डोक्यावर धरून पळेन. तुमच्या हुद्द्याला सलाम करीन. संध्याकाळी परेड सुटली की मला हाक मारू नका, चहाला बोलावू नका, कुणाला माझं नातं सांगू नका. तुम्हीच म्हणाला होता, इथं कोणी कोणाचा पाहुणा नाही.

आणखी एक. या वेळी नवापूरकडून नवी भरती आहे. त्यात दलपत नावाचा एक जण आहे. रमीबाईचा भाऊ. तुम्ही अंगणात आलात तेव्हा तो गुजरातेत मजुरीला गेला होता, म्हणून तुम्ही त्याला पाहिलेलं नाही आणि त्यानं तुम्हाला. तुमचं नाव त्याला माहीत आहे. चेहरा नाही. शिबिरात सगळे तुम्हाला उस्तादच म्हणतील, तेव्हा त्याला आपोआप कळायचं नाही. घरच्यांनी त्याला नको म्हटलं होतं. रमीबाईनं जा म्हटलं. का म्हटलं ते तिनं मला सांगितलं नाही.

मी त्याला बोट दाखवून सांगणार नाही तुम्ही कोण ते. तुम्ही सांगा. पहिल्याच दिवशी, त्याच्या हातात रायफल द्यायच्या आधी.

भटू